कारल्याच्या नऊ बिया

मॅडम सक्करदऱ्याच्या तळ्यावरून फिरून आल्या की साडीच्या काठाला कुसळं चिकटलेली असत. इतर बायका ती उपटून फेकतात. मॅडम ओट्यावर बसून एकेक काढत, चष्म्याजवळ धरत. “बघा मावशी, पाय नाहीत, तरी तळ्यापासून इथवर आली. रिक्षापण नाही केली.” मग ती औषधाच्या रिकाम्या डबीत जात.

माझ्या वरच्या खोलीत त्या अकरा वर्षं भाड्यानं राहिल्या. कॉलेजात झाडांबद्दल शिकवून निवृत्त झालेल्या. मी चौथी शिकलेली. त्यांना सांगितल्याशिवाय चैन नसे, मला विचारल्याशिवाय.

एकदा मी टाकीखालचं शेवाळ खरवडत होते. त्यांनी हात धरला. “याचं घराणं फार जुनं. पण याच्या नर-मादीची भेट पाण्यातच होते. ओल संपली की संसार थांबला. बीवाल्या झाडांनी ती कटकटच मिटवली. भेट वाऱ्यावर, माशीवर सोपवली. पोराला शिदोरी बांधून दिली, वर जाड साल घातली आणि सांगितलं, बरे दिवस येईपर्यंत थांब.”

“मंग माय मेली तरी चालते?”

“चालतं. म्हणूनच तर बी.”

मी बियांचा डबा काढला. माझ्या आईचं रामटेककडचं बुटकं कारलं. गुडघ्यामुळे मी दोन वर्षं पडून होते, परसातला वेल गेला. माहेरीही आता कुणी लावत नाही. राखेत नऊ बिया उरल्या होत्या.

“साऱ्याच पेरून टाकू?”

“पाचच. सगळ्या एकदम उगवल्या आणि पाऊस दडला, तर मागे कोण राहील?”

पाच पेरल्या. महिनाभर कुंडीत काही नाही. मी माती न्हाणीमागे ओतली आणि त्यांना न विचारता उरलेल्या चारही पेरल्या. त्या उंदरानं उकरून खाल्ल्या.

“पहिल्या जुन्या होत्या, मेल्या,” मी म्हटलं.

“मेल्या की थांबल्या, हे तुम्हाला कसं कळलं?” त्या दिवशी त्यांनी माझा चहा घेतला नाही.

आषाढात मॅडम गेल्या. झोपेतच. भाचा पुस्तकं घेऊन गेला. कुसळांची डबी फेकू का म्हणाला. मी ठेवून घेतली.

त्याच आठवड्यात न्हाणीमागे दोन पानं दिसली. एकच रोप. रडूबिडू आलं नाही. सांगायला म्हणून मी निम्मा जिना चढले, मग आठवलं.

त्या वेलाचं एकही कारलं मी शिजू दिलं नाही. सगळी वेलावरच पिकून फुटली. यंदा त्यातल्या अर्ध्याच बिया पेरल्या.

“आई, बाकीच्या काहून ठेवल्या?” सून विचारते.

“बस इथं,” मी म्हणते, आणि शेवाळापासून सुरू करते.