रय्याआत्याचा निवाडा

ओमानात आमच्या इब्रा भागात तलवार घरोघरी असते, पण ती ओळखणारं माणूस क्वचित. माझी आत्या रय्या बिंत ख़ल्फान तशी होती. मी तिच्या भावाची, मुहन्नाची, मुलगी. तिच्याबद्दल बोलताना माझा आवाज आपोआप चढतो, आणि तो मी आवरत नाही.

आजोबा ख़ल्फान तलवारींच्या मुठींवर चामडं चढवायचे. आमची कत्तारा तलवार सरळ असते, दोन्ही बाजूंनी धारेची. तिची मूठ गोल नळीसारखी लांब, तिच्यावर कातडं आणि वर चांदीची तार. उतारवयात आजोबांचे डोळे गेले. बोटं शाबूत होती, पण पात्यावरचा रंग बोटाला कळत नाही. मग ते आत्याला शेजारी बसवून विचारायचे, “पात्यावर कोरलेल्या पन्हळी किती? शेवटाला सरळ जातात की वाकतात? धारेपाशी पोलाद पांढरं दिसतं की काळपट?” आत्या बघून सांगायची, आजोबा त्याचा अर्थ सांगायचे. असं करता करता आत्याच शिकली. आजोबा गेल्यावर त्यांची चामडं टोचायची आरी आणि कामाचा पाट तिच्याकडे आले. गिऱ्हाईक मात्र आलं नाही. बाईच्या हातात तलवार द्यायला पुरुष कचरत. ती म्यानं शिवून आणि गाढवांची खोगिरं दुरुस्त करून पोट भरायची.

आमच्या खालच्या गावात शेखाच्या भिंतीवर एक तलवार होती, तिला सगळे ‘यमनी’, म्हणजे यमनच्या नावाजलेल्या पोलादाची, म्हणत. पणजोबांच्या काळात वरच्या गावाशी पाण्याच्या पाटावरून मारामारी झाली होती. त्या धामधुमीत वरच्यांची एक नामी तलवार नाहीशी झाली. आमचे म्हणत, ती वाळूत हरवली. वरचे म्हणत, ती तुमच्याच शेखाच्या भिंतीवर टांगलेली आहे. दर ईदेला रझहा, म्हणजे तलवारींचा नाच, सुरू झाला की दोन्हीकडचे पुरुष एकमेकांना कवनांतून टोमणे मारायचे. आमचे गात, तुमच्या तलवारी काकड्या सोलायच्या. ते गात, तुमच्या तलवारी मात्र उसन्या.

एका हिवाळ्यात वरच्या गावचे म्हातारे हारिब आमच्या बैठकीत आले. कॉफी झाली, खजूर झाला. मग त्यांनी सरळ विषय काढला. मरायच्या आधी मला खरं काय ते कळू दे, म्हणाले. आमच्या तलवारीला एक गुप्त खूण आहे, ती मी आधी इमामसाहेबांच्या कानात सांगतो. मग कुणीही जाणत्यानं तलवार उघडून बघावी. आमचे शेख ज़ाहिर मानी होते. नाही म्हटलं तर चोर ठरायचं. त्यांनी विचारलं, जाणता म्हणून कोण चालेल? हारिब म्हणाले, “ख़ल्फानची लेक.”

बैठकीत कुजबुज झाली. बाई, आणि तीही आमचीच! आमच्या लोकांना हे फायद्याचंच वाटलं. आपलं माणूस आपल्याविरुद्ध कशाला बोलेल?

आत्या आली. बायका त्या बैठकीत शिरत नसत. ती दारात क्षणभर थांबली, सलाम केला आणि खिडकीच्या उजेडात जाऊन बसली. आम्ही बायकापोरी अंगणातून त्याच खिडकीच्या गजांतून बघत होतो. तिनं तलवार म्यानातून काढून आधी मांडीवर आडवी धरली. पात्यावरच्या चंद्रकोरीच्या छापावर अंगठा फिरवला, पण त्या छापाला महत्त्व दिलं नाही, कारण छाप कुणीही मारतो. पन्हळींवरून नख ओढलं. टोक भिंतीला टेकवून पातं धनुष्यासारखं वाकवलं, सोडलं. ते थरथरत सरळ झालं. मग तिनं आरी घेतली आणि मुठीची शिवण उसवायला लागली.

तिचा हात मध्येच थांबला. ती शिवण आजोबांची होती. त्यांची उलटी गाठ आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक. म्हणजे आत जे होतं ते आजोबांनी पाहिलं होतं आणि झाकलं होतं. आत्यानं कातडं थोडं उचलून आत बघितलं. तिच्याशिवाय कुणाला काही दिसत नव्हतं. माझे बाबा तिच्या सर्वात जवळ बसले होते. त्यांना तिचा चेहरा दिसला, आणि ते खालच्या आवाजात म्हणाले, “रय्या, शिवून टाक. बापाचं नाव बुडवू नकोस.”

“त्यांनीच मला बघायला शिकवलं, मुहन्ना,” आत्या म्हणाली. “बघितलेलं नाही म्हणायला नाही शिकवलं.”

तिनं कातडं पूर्ण सोलून काढलं आणि मूठ सगळ्यांपुढे धरली. पातं मुठीत जातं तिथे कधीतरी तुटलेलं होतं. लोहारानं नवा तुकडा दोन खिळ्यांनी जोडला होता, एक खिळा लोखंडी आणि एक पितळी. इमामसाहेबांनी होकाराची मान डोलावली. हारिबनी त्यांच्या कानात हेच सांगितलं होतं.

“तलवार वरच्या गावची आहे,” आत्या म्हणाली. मग हारिबकडे वळून म्हणाली, “पण काका, यमनी नाही हं. पातं फिरंगी आहे, जहाजातून विकायला आलेलं. यंत्रानं घासल्यासारख्या एकसारख्या पन्हळी आहेत. आपल्याकडचा आहे तो हा जोड. आणि जोड पात्यापेक्षा सरस आहे.”

हारिब हसत सुटले. “पोरी, एका हातानं दिलंस आणि दुसऱ्या हातानं काढून घेतलंस.”

शेख ज़ाहिर उठले. त्यांचा चेहरा उतरला होता, पण त्यांनी स्वतःच्या हातानं तलवार हारिबना दिली.

आमच्या गावानं आत्याला माफ केलं नाही. विहिरीवर बायका तिच्याशी बोलेनात. माझे बाबा सगळा हिवाळा तिच्या घरी गेले नाहीत. आई माझ्या हातून भाकरी आणि सुके मासे पाठवायची, ते बाबांना दिसायचं आणि ते दुसरीकडे बघायचे. आत्या तक्रार करत नसे. एकदा तिनं मला इतकंच सांगितलं की आजोबांचा तिला राग येत नाही. गावचं भांडण पुन्हा पेटू नये म्हणून त्यांनी ते झाकलं असेल, पण आता त्यासाठी कुणी तलवारी उपसणार नव्हतं.

ईदेला वरच्या गावचे पुरुष ढोल वाजवत आमच्या मैदानात आले. उसन्या तलवारींचं कवन त्यांनी गायलं नाही. हारिबच्या नातवानं ती तलवार आकाशात उंच फेकली. ती उन्हात फिरत खाली आली आणि त्यानं ती मुठीला धरून झेलली. मूठ आत्यानंच नव्यानं मढवली होती, वरच्या गावच्या सांगण्यावरून.

नाच संपल्यावर शेख ज़ाहिर आत्याच्या दारात आले. हातात त्यांची स्वतःची तलवार होती, वडिलांकडून आलेली. सगळ्यांसमोर ती तिच्यापुढे ठेवत ते म्हणाले, “हिच्याबद्दलही काय ते सांग. तू चांगली म्हणालीस तर वरचेही मानतील.”

मग रीघ लागली. वरच्या गावचे, आमचे, पुढे तर सूरच्या बंदरातून आणि वाळवंटातल्या भटक्या बदूंच्या तळांवरून माणसं यायची. तिनं कित्येकांचा भ्रम मोडला. नवं पातं जुनं दिसावं म्हणून लिंबाच्या रसानं काळं केलेलं तिला वासावरून कळे. लोक हिरमुसून जात आणि पुढच्या वेळी दुसरी तलवार घेऊन परत येत.

बाबा वसंतात तिच्याकडे गेले. काय बोलले ते दोघांनाच ठाऊक. पण पुढे एकदा बाजारात कुणी परगावचा माणूस कुत्सितपणे म्हणाला की तुमच्याकडे म्हणे तलवारींचा न्याय बायका करतात. बाबा खजूर तोलत होते. तराजू खाली ठेवून ते म्हणाले, “बायका नाही. एकच बाई करते. माझी बहीण आहे ती. ये, तुझीही तलवार दाखव तिला, हिंमत असेल तर.”