पेटीतला दाखला आणि गुरुजींचं वेळापत्रक

गुंद गावच्या समाजमंदिरात दर रविवारी आमचा तिघांचा वर्ग भरतो. तिघांनीही शाळा अर्ध्यात सोडलेली, आता बाहेरून दहावी करतोय: अंगणवाडीत मदतनीस असलेली सुनंदाक्का, जीप चालवणारा दत्तू आणि मी. अभ्यास किती झाला ते विचारू नका, किस्से मात्र वहीत मावत नाहीत! आमच्याकडं कागद दिसला की माणूस आधी मागं सरकतो, मग वाचतो. किस्से साठणारच.

* * *

शिकवायला येतात ते रिटायर गुरुजी. पैसे घेत नाहीत. त्यामुळं पहिला संशय त्यांच्यावरच!

पहिल्याच दिवशी त्यांनी एकेक कोरा कागद दिला. "आपलं ध्येय लिहा. लहान, जमेल असं. कधीपर्यंत तेही लिहा. खाली सही करा."

"सही कशाला?" दत्तूनं विचारलं.

"स्वतःला दिलेला शब्द म्हणून."

दत्तूनं बराच विचार केला. 'महिनाभर रोज एक तास इतिहास' असं लिहिलं आणि खाली भावाची सही ठोकली!

मी लिहिलं, 'महिन्याच्या शेवटच्या शनिवारपर्यंत बाबांकडून शाळेचा दाखला मिळवणे.' त्या शनिवारी फॉर्मची मुदत संपत होती. दाखला बाबांच्या पत्र्याच्या पेटीत, जमिनीच्या कागदांखाली. त्या पेटीतून बाहेर गेलेला कागद परत येत नाही, असं बाबांचं ठाम मत. दाखला नाही तर फॉर्म नाही, आणि फॉर्म नाही तर माझं वर्ष गेलं.

* * *

मग गुरुजी म्हणाले, "वेळ जातो कुठं, ते दोन दिवस लिहून काढा."

सुनंदाक्का प्रामाणिक. पाणी वीस मिनिटं, भाकरी पाऊण तास, सासूशी भांडण अर्धा तास, सगळं लिहिलं. वही नेमकी सासूच्या हाती लागली. सासूला वाचता येतं.

"अर्धाच तास? दोन तास भांडलो की गं आपण!"

"अंदाजे लिवलंय, अत्ती."

सासूनं डोळे बारीक केले. "मग ऱ्हायलेला दीड तास कुटं हुतीस?"

* * *

दत्तूनं गणिताची वेळ ठरवली ती घड्याळावर नाही, बसवर. सकाळची बस गेली की गणित. तेवढ्यात झाड पडून रस्ता तीन दिवस बंद झाला. रविवारी गुरुजींनी वही मागितली, तर कोरी!

"बस गेलीच न्हाई, गुरुजी!"

"मग तीन दिवस काय केलंस?"

"वाट बघितली."

* * *

मी माझं वेळापत्रक पडवीच्या भिंतीला चिकटवलं. पाच ते सहा विज्ञान, सहा ते सात कन्नड, खाली सही.

शेजारच्या अज्जांनी ते लांबून बघितलं. त्यांना वाचता येत नाही. पण जंगलातल्या गावात भिंतीवर सहीचा कागद म्हणजे सरकारी नोटीस, एवढं त्यांना पक्कं ठाऊक. घटकाभरात अंगणात सात-आठ माणसं!

"गाव कवा उठवणार म्हणत्यात?"

मला चार माणसांत बोलायला जमत नाही. हळूच म्हणालो, "अज्जा, ते माझ्या अभ्यासाचं हाय."

"व्हय व्हय," अज्जा म्हणाले, "आदी तसंच सांगत्यात!"

* * *

महिन्याच्या शेवटच्या शनिवारी सकाळी बाबांनी पेटी उघडली. "दाखला देतो. पर मीबी येतो."

तालुक्याच्या गावी, जोयड्याला पोचेपर्यंत त्यांनी शर्टाच्या आत दाखल्यावर ठेवलेला हात बाहेर काढला नाही. झेरॉक्सच्या दुकानात मशीनला खेटून उभे राहिले. "एक घातला, दोन आलं. ह्यातला आमचा कुटला?" दुकानदारानं दाखवला. बाबांनी दोन्ही कागद बोटांनी चाचपून बघितले, मगच मान हलवली.

फॉर्म घेणाऱ्या क्लार्कनं हात पुढं केला. बाबांनी दाखला त्याच्या डोळ्यांसमोर धरला. "असाच वाचा."

क्लार्कनं तसाच वाचला, नंबर उतरवून घेतला. मग म्हणाला, "हा हितं ठेवावा लागतोय. निकाल लागला की परत मिळेल. न्हाईतर फॉर्म घेता येत न्हाई."

बाबांनी माझ्याकडं बघितलं. मागं रांग. माझ्या तोंडून मोठ्यानं निघालं, "बाबा, सोडा!"

त्यांनी एकेक बोट सोडलं. क्लार्कनं दाखला फायलीत घातला, फाईल कपाटात ठेवली, शिक्का मारून पावती माझ्या हातात दिली. "झालं. जावा आता."

बाबांनी बाकडं ओढून कपाटासमोर लावलं, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि बसले.

"तू जा घरला, अभ्यास कर," ते म्हणाले. "निकाल लागंपतोर मी हाय हितं."