न हलणारा चेहरा

हेमलताचा चेहरा हलत नाही, याचं नीलिमाताईंना भारी कौतुक. नीलिमाताई पुण्याहून बंगळुरात आलेल्या मानसशास्त्रज्ञ. नवऱ्याचा मार खाणाऱ्या बायकांच्या मनाचं पुढे काय होतं, याचा त्या शहाण्णव साली अभ्यास करत होत्या. पण त्यांचं पुणेरी बोलणं ऐकलं की इथल्या जुन्या मराठी घरांतल्या बायका पदर सावरून "सगळं छान आहे" म्हणत आणि कॉफी पुढे करत. म्हणून त्यांनी इथेच जन्मलेल्या हेमलताला मुलाखतींसाठी नेमलं. अट एकच होती. कितीही भयंकर ऐकलं तरी चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही.

बाकीच्या मुली ऐकता ऐकता रडत. हेमलता नाही.

"कुठे शिकलात हो हे?" नीलिमाताईंनी एकदा विचारलं. हेमलतानं पुढच्या बाईचा पत्ता मागितला.

शिकवणारा घरातच होता. तिचा नवरा पुरुषोत्तम सरकारी कारखान्यात इंजिनीयर, मराठी मंडळाच्या गणपतीत आरतीला सगळ्यांच्या पुढे. चारचौघांत देवमाणूस. घरी मात्र हिच्या डोळ्यांत पाणी दिसलं की त्याचा हात आणखी जोरात चाले. मग तिनं चेहरा मिटून घ्यायला शिकून घेतलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच, आणि त्याचं असं कौतुक व्हावं! आपण बायकांच्या आहाराची पाहणी करतो, असं तिनं त्याला सांगून ठेवलं होतं.

बायकांना एकटं गाठायला हळदीकुंकवासारखी सोय नाही; पुरुष आपणहून घराबाहेर पडतात. संक्रांतीच्या दिवसांत हेमलता कॉटनपेटेत रत्नाबाईकडे गेली, कुंकू लावून घेतलं, तिळगूळ खाल्ला आणि बाकीच्या बायका गेल्यावर मागे थांबली. रत्नाबाईचा नवरा नागनाथ पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत लेथवर कामाला होता. तिच्या मनगटावर काळानिळा डाग होता.

"बोलून काय हुतंय, अक्का?" रत्नाबाई म्हणाली.

होत होतं. जी बाई तोंड उघडी, तिला नीलिमाताई वकील गाठून देत, राहायला जागा बघून देत. हेमलतानं ते सांगितलं. रत्नाबाई विचारात पडली. सांगू की नको, असं तिचं चाललेलं स्पष्ट दिसत होतं.

इतक्यात शेजारी कुणाच्या तरी हातून परात पडली. दोघींचेही हात झटकन डोक्यावर गेले.

परातीचा आवाज थांबला तरी हात तसेच होते. रत्नाबाईनं आपला हात हळूच खाली घेतला आणि हेमलताकडे पाहिलं.

"तुमच्या घरीबी?"

नुसतं 'हो' म्हणायचं होतं. पण इतक्या वर्षांची सवय आधी बोलली. "छे हो. आवाज झाला म्हणून दचकले."

"सरी, असू दे," रत्नाबाई म्हणाली. "मग मीबी तशीच दचकले."

पुढच्या सगळ्या प्रश्नांना तिनं 'नाही' म्हटलं. निघताना मात्र हेमलताला वाण द्यायला विसरली नाही.

तो न बोललेला 'हो' हेमलताला सोडीना. जेवताना, आरतीला टाळ्या वाजवताना तो घशाशी येई. शेवटी होळीच्या सुमारास मनाचा हिय्या करून ती कॉटनपेटेत गेली. आज रत्नाबाईला आधी आपलंच सांगायचं, असं ठरवूनच.

दाराला कुलूप होतं.

"दोन्ही हात मोडले बाईचे," शेजारीण म्हणाली. "न्हाणीत पडली म्हणं. नवरा गावाकडं घेऊन गेला. कुठलं गाव, कुणाला ठाऊक?"

न्हाणीत पडले. हेच कारण हेमलतानंही डॉक्टरला कितीदा तरी सांगितलं होतं. ती गल्लीत भिंतीला धरून उभी राहिली. जीव तुटत होता. तिनं रडून बघितलं, पण जमेना. येणाऱ्याजाणाऱ्यांना वाटलं असेल, बाई रिक्षाची वाट बघतेय.

तिथून ती थेट कचेरीत गेली आणि मुलाखतीला आलेल्या बायका बसतात त्या खुर्चीत बसली.

"आज कुणाची मुलाखत?" नीलिमाताईंनी विचारलं.

"माझी. पहिल्या प्रश्नापासून विचारा."

नीलिमाताईंचा चेहरा हलला. स्वतःचीच अट त्यांना पाळता आली नाही.

"आणि ताई," हेमलता म्हणाली, "सांगताना माझा चेहरा हलला नाही, तर मी खोटं बोलतेय असं समजू नका."