होसिया गँटची हाळी

होसिया गँटबद्दल चार ओळी लिही असं मला चर्चमधल्या लोकांनी सांगितलं, कारण आमच्या टोळीतला आता मीच तेवढा उरलो आहे. मी चिठ्ठीपत्रीपलीकडे कधी काही लिहिलेलं नाही. आणि खरं सांगायचं तर तो मला फारसा माहीतही नव्हता. अकरा वर्षं मी त्याच्या मागे उभा राहून काम केलं, त्यामुळे त्याची पाठ मला चांगली आठवते. चेहरा आठवायला थोडं थांबावं लागतं. त्याच्या मनातलं म्हणून जे पुढे लिहितो आहे त्यातलं काही त्याच्या बायकोनं, लव्हिनियावहिनीनं, नंतर सांगितलं आणि काही मी आपलं धरून चाललो आहे. चुकतही असेन.

गॅल्व्हेस्टनच्या धक्क्यावर तेव्हा कापसाच्या गाठी जहाजात नुसत्या रचत नसत, कोंबत असत. जहाजाचं पोट भरलं, आता टोपी ठेवायला जागा नाही असं वाटलं की पाच माणसांची टोळी गाठी रेटायचा मोठा लोखंडी स्क्रू घेऊन खाली उतरायची. गाठीला स्क्रू टेकवायचा, त्याचे दांडे चौघांनी धरायचे आणि पाचव्यानं हाळी द्यायची. हाळी म्हणजे गाणंच. त्यातला शेवटचा शब्द पडला की चौघांनी एकदम अंगाचा भार टाकायचा. गाठ करकरत आत सरकायची आणि आणखी एकीपुरती जागा व्हायची. शब्द क्षणभर आधी पडला किंवा उशिरा, तर दांडा उलटा यायचा. मग मनगट तरी जायचं नाही तर दात.

होसिया आमचा हाळी देणारा होता. उंच, वाकलेला, वयानं पंचेचाळिशीचा. गाठीचा आवाज ऐकून तो शब्द टाकायचा आणि आम्ही डोळे मिटून भार द्यायचो. म्हणून आमच्यात एक नियम होता आणि तो त्यानंच घालून दिलेला होता. शिडी उतरलं की हाळी देणाऱ्यानं खोटं बोलायचं नाही, थट्टेतसुद्धा नाही. "वर धक्क्यावर हव्या तेवढ्या थापा मारा," तो म्हणायचा. "खाली माझ्या तोंडातून जे निघेल त्यावर तुमचे हात आहेत."

वर धक्क्यावर होसियाची स्वतःची एकच गोष्ट होती. आमच्या वस्तीतला एक पोरगा पुढे मुष्टियोद्धा झाला. त्याचं नाव मी लिहीत नाही, ते सगळ्यांना ठाऊक आहे. तो पोरगा गोदीत हमाली करत होता तेव्हा होसियानं त्याला एकदा उताणा पाडला होता. दुपारी डबे उघडले की कोणीतरी विषय काढायचा आणि होसिया मक्याचा पाव मोडत म्हणायचा, "हो, पाडला होता. त्या तिथं." आणि हनुवटीनं धक्क्याचं टोक दाखवायचा. याहून जास्त तो कधी बोलला नाही. त्यामुळेच ते खरं वाटायचं.

मग तो पोरगा मोठा होत गेला. जगज्जेतेपद गोऱ्यांकडे होतं आणि त्यांनी रंगाची रेघ ओढून ठेवली होती. काळ्याशी लढायचंच नाही, म्हणजे हरायचा प्रश्नच नाही. आमचा माणूस त्या विजेत्याच्या मागे देशोदेशी फिरला आणि शेवटी ऑस्ट्रेलियात, सिडनीला, त्यानं त्याला गाठला. लढत ठरली. एकोणीसशे आठ, डिसेंबरची सव्वीस तारीख, सकाळी अकरा.

सव्वीस म्हणजे नाताळचा दुसरा दिवस, शनिवार. वस्तीत ठरलं की संध्याकाळी सगळ्यांनी चर्चच्या हॉलमध्ये जमायचं, तोपर्यंत तार येईलच. डुकराचं मांस कोणी आणायचं आणि रताळ्याचा गोड पाव कोणी भाजायचा हे बायकांनी ठरवून घेतलं. आम्ही शनिवारी सकाळी कामावर गेलो. मुकादम गोरा होता, एरवी बोलका. त्या दिवशी तोंड शिवल्यासारखा उभा होता. हातानंच शिडी दाखवली.

"याला काय झालं? नाताळचं चढलंय वाटतं," पेटवे म्हणाला. पेटवे माझ्या शेजारचा दांडा धरायचा आणि त्याचं तोंड कधी बंद नसायचं.

दहाच्या सुमारास त्या इंग्रजी जहाजाच्या खानसाम्यानं वरच्या चौकटीतून डोकं आत घातलं. तो जमैकाचा, आमच्याच रंगाचा.

"तुम्ही असे मयताला आल्यासारखे काय गप्प?" तो म्हणाला. "तुमचा माणूस जिंकला. चौदाव्या फेरीत पोलिसांनी लढत थांबवली, नाहीतर त्या गोऱ्याला उचलून न्यावं लागलं असतं."

"लढत अजून व्हायची आहे," पेटवे खालून म्हणाला. "आज आहे. सव्वीसला."

"तिथली सव्वीसची सकाळ म्हणजे इथली पंचवीसची संध्याकाळ, बाबा. काल तुम्ही जेवत होता तेव्हाच निकाल लागला. रात्रीपासून कागद चिकटवलाय वर्तमानपत्राच्या कचेरीबाहेर."

जगभरची जहाजं भरणारी माणसं आम्ही, आणि सगळ्या वस्तीत हे एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. गोऱ्यांना ठाऊक होतं आणि ते गप्प बसले होते. ईसम, आमच्यातला सगळ्यात वडील, तो गाठीवर बसलाच. पेटवे हसत सुटला, मग हसता हसता त्यानं तोंड बाहीत खुपसलं. होसिया तेवढा स्क्रूवर हात ठेवून उभा होता.

ईसम त्याच्याकडे बघून म्हणाला, "आता हा बघा. त्यानं जगाला लोळवलं, आणि त्याला लोळवणारा इथं माझ्यासमोर फाटकी विजार घालून उभा आहे."

सगळे हसले. होसियानं स्क्रू गाठीला टेकवला. मग म्हणाला, "दांडे धरा."

त्या दिवसापासून त्याची झोप उडाली.

वस्तीत तो एकाएकी मोठा झाला. न्हाव्याकडे त्याला आधी बसवायला लागले. ज्या बायका लव्हिनियावहिनीशी बोलत नसत त्या झाकलेल्या ताटल्या घेऊन यायला लागल्या. वसंतात विजेता घरी येणार अशी बातमी आली, मग कमिटी झाली, मिरवणूक ठरली, आणि रेव्हरंड स्वतः घरी आले. मंडपात विजेत्याशेजारी होसियाची खुर्ची असणार. दोघांनी सगळ्यांसमोर हात मिळवायचे आणि ती जुनी गोष्ट होसियानं दोन शब्दांत सांगायची.

"मला बोलता येत नाही, रेव्हरंड," होसिया म्हणाला.

"ब्रदर गँट, ज्याच्या आवाजावर जहाजं भरतात त्यानं असं म्हणू नये."

रेव्हरंड गेल्यावर तो दारापासून चुलीपर्यंत आणि चुलीपासून दारापर्यंत फिरत राहिला. हे वहिनीनं मला सांगितलं. ती नवऱ्याला चारचौघांत काय, घरातही मिस्टर गँट म्हणायची.

"मिस्टर गँट, बसा एका जागी. फळ्या झिजतील."

"हा कोट खांद्यात बसत नाही."

"गेल्या इस्टरला बसत होता."

तो परत दारापर्यंत गेला. "समजा, त्यानं मला ओळखलंच नाही तर?"

"आपल्याला पाडणाऱ्याला कोण विसरतं? माझ्या भावाला ते खेचर अजून आठवतं."

तो हसला नाही. तेव्हाच तिला कळलं म्हणे. पण ती बोलली नाही. "बावीस वर्षांचा संसार," ती मला म्हणाली. "कुठला प्रश्न उंबऱ्याबाहेर ठेवायचा ते कळतं."

खाली जहाजात त्याचा शब्द हलायला लागला होता. गाणं तेच, पण शेवटच्या शब्दाआधी तो अडखळायचा, जणू कोणीतरी मागून हाक मारली आहे. आम्ही एकमेकांकडे बघायचो. मिरवणुकीला नऊ दिवस उरले असताना तो शब्द उशिरा पडला. पेटवेचा दांडा उलटा आला आणि त्याचं मनगट गेलं. मोडलं नाही, पण सुजून भोपळ्यासारखं झालं.

"तुझं लक्ष कुठंय रे?" पेटवे ओरडला. मोठ्यांना तो अरेतुरे करत नसे.

होसियानं त्याचं मनगट दोन्ही हातांत धरलं आणि बराच वेळ तसंच धरून बसला.

दुसऱ्या दिवशी आम्ही शिडी उतरलो. पेटवे मनगट बांधून आला होता, काम झेपणार नव्हतं तरी आला होता. स्क्रू लागला, दांडे धरले. होसियानं गाणं सुरू केलं नाही.

"दांडे खाली ठेवा," तो म्हणाला. आम्ही ठेवले.

"मी त्याला कधी पाडलं नाही. धक्क्यावर काकवीचं पिंप फुटलं होतं, तो त्यात घसरला. मी शेजारी उभा होतो. उठायला हात दिला, तो त्यानं घेतला नाही. आपला आपण उठला आणि गेला. एवढंच आहे ते."

खाली कापसाचा धुरळा तरंगत होता.

"एक ठोसाही नाही?" ईसमनं विचारलं.

"नाही."

पेटवे म्हणाला, "ही गोष्ट मी बायकोच्या माहेरी सांगितलीय. दरवर्षी सांगतो. तिचा बाप मुद्दाम सांगायला लावतो."

"मग?"

"मग काय. यंदापासून माहेरी तिनं एकटीनंच जायचं."

ईसम विचार करत होता. "तू हे नेहमी वर सांगितलंस, होसिया. खाली कधी नाही. नियम मोडलेला नाही."

"त्या शनिवारी तू खाली बोललास."

"मी बोललो. तू कुठे बोललास?"

"मी ऐकून घेतलं," होसिया म्हणाला. "हाळी माझी होती. खाली कोणाचंही खोटं तसंच राहू दिलं तर ते माझं. काल याचं मनगट गेलं, ते ऐकून घेतल्यामुळेच गेलं." आणि तो माझ्या शेजारी येऊन पेटवेच्या दांड्यापाशी उभा राहिला. "ईसम, तू घे."

ईसमचा आवाज खराब होता, आणि त्याच्या दांड्याला आता पेटवे एका हातानं लागायचा. पहिले काही दिवस आम्ही निम्म्या गाठीही भरल्या नसतील. पण शब्द वेळेवर पडायचा.

त्याच संध्याकाळी होसिया रेव्हरंडकडे जाऊन खुर्ची परत करून आला. पुढे महिनाभर वस्तीनं त्याला सोडलं नाही. पोरीसुद्धा रस्त्यात मुद्दाम घसरून म्हणायच्या, "गँटकाका, मी पडले, तुम्ही जिंकलात." तो मान हलवून पुढे जायचा. झाकलेल्या ताटल्या थांबल्या. वहिनी म्हणायची, त्याची झोप मात्र लगेच परत आली नाही. खाटेच्या कडेला बसून राहायचा.

आणि मिरवणूक झालीच नाही. कमिटीचं आणि विजेत्याचं कशावरून तरी फिसकटलं. त्याच्या तीन-चार कहाण्या मी ऐकल्या आहेत, खरी कुठली ते मला ठाऊक नाही. विजेता आला नाही, एवढं खरं. होसिया आणखी आठ-नऊ दिवस गप्प राहिला असता तर मरेपर्यंत कोणाला काही कळलं नसतं. हे पेटवेनं त्याला तोंडावर सांगितलं. होसिया म्हणाला, "मनगट कसं आहे?"

ईसमनं दोनदा हाळी परत देऊ केली. त्यानं घेतली नाही. शेवटपर्यंत तो माझ्या शेजारच्या दांड्यावर राहिला. त्यानं ती गोष्ट मुळात का रचली, हे मी कधी विचारलं नाही. अगदी शेजारी उभा होतो, विचारायला हवं होतं.

पुढे गाठी गिरणीतच दाबून यायला लागल्या, स्क्रूचं काम संपलं आणि आमची टोळी पांगली. होसिया घरामागे भाजी करायचा. एका ऑगस्टमध्ये मी त्या गल्लीतून चाललो होतो. तो कुंपणापाशी होता, खूप वाळलेला.

"लेम, भेंडी घेऊन जा," तो म्हणाला. "उद्यापर्यंत जून होईल."

"पिशवी नाही आणली, होसियाभाऊ."

"टोपीत घे."