वयाचा रकाना

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलीलाही नाही. आणि आता तुम्हाला का सांगतोय — तेही नीटसं ठाऊक नाही.

ऐंशीनंतरची दोन-तीन वर्षं असतील. नागपुरात जनावरांच्या रोगांवर काम करणाऱ्या एका प्रयोगशाळेत मी होतो. कोंबड्यांच्या पिल्लांमध्ये तेव्हा एक रोग फिरत होता — गंबोरो. त्याचा विषाणू पिल्लाची लढायची ताकदच मारतो; मग साध्या दुखण्यानंही ते जातं. त्यावरची लस कोणत्या वयात द्यावी, हा माझ्या पीएच.डी.चा विषय.

पिल्लं सांभाळायला गंगारामभाऊ होते. पन्नाशी उलटलेले, रोज कोराडीहून बसने यायचे. थंडीत पिल्लू उचलायच्या आधी तळहात एकमेकांवर घासून गरम करायचे. असा माणूस.

तीन आठवड्यांच्या पिल्लांना दिलेली लस लागू पडली. तीन दिवसांच्यांना — नाही. अंड्यातून आलेलं आईचं संरक्षण त्यांच्या रक्तात होतं, आणि तेच लशीला निकामी करत होतं. पुढे ते संरक्षणही विरायचं. मग पिल्लाजवळ काहीच उरत नसे. चाचणीसाठी रोगाचा विषाणू दिला की ती पिल्लं माना टाकत.

गंगारामभाऊंना हे कोणी शिकवलं नव्हतं. तरी एकदा म्हणाले, "साहेब, लहानच मरून राहिले. मोठ्याले काही होत नाही."

मला दिसत नव्हतं का? दिसत होतं. पण माझे मार्गदर्शक एका सभेत सांगून आले होते — लस कोणत्याही वयात चालते. त्यांच्यासमोर उभं राहून 'सर, नाही चालत' म्हणायचं? प्रबंध अडला असता. मी लहान पिल्लांचे आकडे गाळले. तक्त्यातला वयाचा रकानाच काढून टाकला.

इथवरच थांबलं असतं तरी — पण नाही थांबलं.

कळमेश्वरच्या वच्छलाबाईंनी घरामागे शेड घालून कोंबड्या पाळल्या होत्या. लस कधी द्यायची, असं त्यांनी मला विचारलं. तिसऱ्या दिवशी द्या, म्हणालो. हो, मीच. माझ्याच तोंडाने. थर्मासमध्ये बर्फ घालून गंगारामभाऊ लस घेऊन गेले, देऊन आले.

महिन्याभराने निरोप आला. आम्ही दोघे गेलो. शेडमध्ये भुशावर पिल्लं पडली होती, पिसं विस्कटलेली. काही अजून थरथरत होती. वच्छलाबाई दारात उभ्या होत्या.

"काहून मेले, साहेब? तुमीच तं सांगितलं होतं."

उत्तर माझ्याजवळ होतं. साऱ्या नागपुरात ते बहुधा माझ्याच एकट्याजवळ होतं. आणि मी गंगारामभाऊंकडे वळून म्हणालो, "वाटेत बर्फ वितळला असेल."

किती सहज निघालं ते!

"साहेब, म्या बरफ दोनदा भरला होता," ते म्हणाले. "बसमधी मांडीवर धरून नेला." माझ्याकडे पाहत राहिले — मी काही बोलेन म्हणून? मी भुशाकडे पाहत होतो. मग वच्छलाबाई गंगारामभाऊंना जे बोलायचं ते बोलल्या. ते मान खाली घालून ऐकत होते. मी हातभर अंतरावर.

त्यानंतर त्यांनी लशीचा थर्मास कधी हातात घेतला नाही. दुसऱ्या कोणाला द्या, म्हणायचे. कधी काम करता करता मध्येच थांबायचे — "झाकण ढिलं राह्यलं असंन का हो, साहेब?" वर्षं गेली तरी विचारायचे. मी म्हणायचो, असेल. 'असेल' म्हणायचो मी.

मला पदवी मिळाली, बढती मिळाली. वच्छलाबाईंनी पुन्हा पिल्लं आणली नाहीत, असं ऐकलं. खरं कारण मी त्यांना कळवू शकलो असतो. एक पोस्टकार्ड पुरलं असतं.

गंगारामभाऊ निवृत्त झाले त्या दिवशी चहा-चिवडा झाला. मंडळी पांगल्यावर ते माझ्या टेबलाशी आले. "साहेब, कळमेश्वरची माही चूक तुमी पोटात घातली. वर कोनाले सांगितलं नाही. नाहीतं माही नोकरी गेली असती."

आणि माझ्याहून वीस वर्षांनी मोठा तो माणूस खाली वाकला.

मी पाय मागे घेतले नाहीत.