न दिसलेलं अस्वल

बिबियानेनं कपात कॉफी ओतली आणि कप भरला की नाही ते बोटाच्या पेरानं चाचपलं. तिची मुलगी थाला आईचे कपडे बॅगेत भरत होती. तुझ्या डोळ्यांत धुकं उतरलंय, आता एकटीनं राहायचं नाही, राजधानीत, नूकला माझ्याकडे चल, हे तिचं आल्यापासूनचं पालुपद.

तेवढ्यात दार वाजलं. दोघी चपापल्या. ग्रीनलंडच्या टोकाकडच्या या गावात दार वाजवतं कोण? बूट आपटून बर्फ झाडायचा आणि सरळ आत यायचं.

दारात पुतण्या मानासे उभा होता. दोन्ही हातांवर पांढऱ्या अस्वलाचं कातडं, म्हणून दार गुडघ्यानं ठोकलेलं.

"काकू, तुझं अस्वल घे."

गेल्या आठवड्यात त्यानं तिला कुत्र्यांच्या स्लेजवरून उत्तरेला नेलं होतं. सरकारदरबारी ते राष्ट्रीय उद्यान, इथल्या शिकाऱ्यांना मुभा असलेलं; गावाला नुसतं 'उत्तर'. हिमनदी समुद्राला टेकते तिथल्या खोपटात तिच्या नवऱ्यानं जन्मभर शिकारीचे मुक्काम केले. नूकला जाण्याआधी तिला त्या जागेला भेटायचं होतं. वाटेत तिनंच बोट करून म्हटलं होतं, तिकडे अस्वल आहे. गोळी मानासेची, पण अस्वल ज्याला पहिल्यांदा दिसलं त्याचं, हा इथला रिवाज.

"हिला समोरचा कप दिसत नाही," थाला म्हणाली, "अस्वल बरं दिसलं!"

"कप कुठं पळून जातो?" मानासे हसला. मग जरा नेटानं म्हणाला, एवढ्या लांबचं दिसणाऱ्या बाईला परक्या गावी कशाला नेतेस?

कपड्यांची सळसळ थांबली. थाला विचारात पडली, हे बिबियानेनं ओळखलं. आता नुसतं गप्प बसलं तरी हे घर सुटणार नव्हतं. मानासेनं पुढ्यात ठेवलेल्या कातड्यावरून तिनं हात फिरवला. केस दाट होते, गार होते. नवऱ्यानं दुसऱ्याचं अस्वल कधी आपलं म्हटलं नव्हतं.

"मला नाही दिसलं रे. तुझ्या कुत्र्यांनी एकदम उजवीकडे ओढ घेतली. ती अशी कशाला ओढतात ते ठाऊक आहे मला. अस्वल तुझं."

"मग कुत्र्यांचं म्हण," मानासे पुटपुटला. कातडं मात्र त्यानं लगेच उचललं नाही.

थाला पुन्हा घड्या घालू लागली, पण सावकाश. बिबियानेनं चाचपडत तिचा हात धरला.

"मी येते तुझ्याबरोबर. फक्त पुढच्या वसंतात, समुद्र गोठलेला असेल तोवर, मला एकदा इथं आण. मानासेच्या स्लेजवर बसून उत्तरेला जाऊन येईन."