पाठमोरं गाव

केळव्याचे नरहरीकाका आपल्या वाडीतल्या पंपघरात कडी लावून बायकांची चित्रं काढतात, आणि त्या चित्रांतल्या बायकांच्या अंगावर कपाळाच्या टिकलीशिवाय काहीच नसतं, अशी बातमी यंदा, म्हणजे पंच्याऐंशीच्या जानेवारीत, गावभर झाली.

बातमी साखरबाईच्या टोपलीतून निघाली. साखरबाई बोंबील विकायला वाडीत शिरली, पंपघराच्या खिडकीतून डोकावली आणि पुढच्याच दारात म्हणाली, "काकांच्या पंपघरात आमच्या नवसीचं चित्र हाय गो!" नवसी म्हणजे तिची जाऊ. तीही मासळीच विकते. पिठाच्या गिरणीवर पोचेपर्यंत त्याचं झालं, "नवसी तिथं बसते म्हणं, आन काका काढतात." एस्टी थांब्यावरच्या टपरीत भिका चहा गाळता गाळता गाळणी हवेत धरून म्हणाला, "अरं, अंगावर काय नाय! टिकली तेवढी हाय!"

खरं सांगायचं तर टिकलीसुद्धा नव्हती. कारण कपाळच नव्हतं. काकांच्या चित्रांत बायका होत्या, बाप्ये होते, बैल होते, समुद्रावर आलेले मुंबईचे पाहुणे होते. सगळे अंगभर कपड्यांतले (बैल सोडून) आणि सगळेच्या सगळे पाठमोरे.

ही पाठीची खोड काकांना सासऱ्यांनी लावली. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी हौसेनं त्यांनी सासऱ्यांचा, एडवणच्या रामनाथअण्णांचा, समोरून चेहरा काढला. जलरंगात एकदा ब्रश टेकला की खोडता येत नाही, आणि नाक ओल्या कागदावर थोडं फुललं. अण्णांनी चित्र हातभर लांब धरलं, मग जवळ घेतलं. "हे नाक माझं?" म्हणाले, आणि पुढ्यातली बासुंदीची वाटी तशीच सारून चालते झाले. त्या दिवाळसणाचं बोलावणं एडवणहून आलंच नाही. तेव्हापासून काकांनी माणसाच्या तोंडाचं नाव काढलं नाही.

पण हात कुठे गप्प बसतात? काका बोईसरला कापड रंगवायच्या एका गिरणीत स्टोअर सांभाळतात. दिवसभर समोर रंगाची पिंपं. कुणी किरमिजी काढून नेलं की पिंपाच्या कडेला राहिलेल्या ओघळाकडे काका बघत बसतात, आणि मुकादम ओरडतो, "नरहरी बाबू, ये मटेरियल है, सिनेमा नहीं!" येता-जाता एस्टीत ते मुद्दाम मागच्या बाकावर बसतात. पुढे सगळ्या मानाच माना. कुणाची तेलानं चपचपीत, कुणाची घामोळ्यांची, कुणाची पेंगून डावीकडे कललेली. रविवारी त्याच माना पंपघरात कागदावर उतरतात. वड्यांची एक रंगपेटी, केस झडलेले ब्रश, करवंटीत पाणी. कुणाच्या लुगड्याला कुठला रंग लागेल हे त्या आठवड्यात पेटीत काय उरलंय त्यावर. खाऱ्या हवेत कागद लवकर वाळत नाही, आभाळाचा निळा ओघळून समुद्रात उतरतो. काका म्हणतात, "तेवढं मी नाय केलं. ते समुद्रानं केलं." समुद्रकिनारा त्यांना फार सोयीचा. तिथे आलेला माणूस आपणहून गावाकडे पाठ करून उभा राहतो.

तर बातमी गिरणीवरून दळणाबरोबर घरी आली. विजयाकाकूंनी पिठाचा डबा ओट्यावर आदळला.

"पंपघरातल्या ट्रंकेत काय हाय?"

"चित्रं."

"कुणाची?"

"अशीच. लोकांची."

"मग लोकांनाच दाखवा. रविवारी अंगणात दोरी बांधते. अण्णांनापण बोलावते एडवणहून. त्यांच्यासमोर होऊन जाऊ दे. नायतर सोमवारी बंबात लाकडं घालायची नाय मी, तुमची ट्रंक घालीन."

काकूंचा शब्द म्हणजे शब्द. काकांची पंचाईत अशी झाली की ट्रंक उघडली नाही तर इतक्या वर्षांच्या रविवारांचं आंघोळीचं पाणी होणार, आणि उघडली तर एका नाकावरून सासरा गेला होता, इथे तर अख्खं गाव पाठ ओळखून अंगावर येणार. शनिवारी ते जेवले नाहीत. नुसता भात चिवडत होते.

रविवारी दोन पोफळींच्या मध्ये दोरी लागली. काकूंनी स्वतः चिमटे लावून चित्रं टांगली, एकेक. अण्णा खुर्चीत. भिका टपरी बंद करून आलेला, एरवी तो मयतालासुद्धा बंद करत नाही. काका विहिरीच्या कठड्याला धरून उभे.

साखरबाईनं पहिलं बोट दाखवलं. "हीच ती! हीच नवसी! चाल बघा कशी, बदकावानी! टोपलीतलं पाणी पाठीवर गळतंय तरी शुद्ध नाय बयेला!"

नवसी पदर खोचून पुढे आली. "माझी टोपली गळते? माझी? गो भवाने, मागं हात लाव जरा!"

साखरबाईनं मागे हात लावला. पाठ ओली होती.

अंगणात जो हशा उठला, त्यात भिकाचा आवाज सगळ्यांत मोठा. हसता हसता तो शेजारच्या चित्रापाशी गेला. कुणी एक माणूस वाकून चूल फुंकतोय, आणि बनियनला मागे चांगलं पपईएवढं भोक. "आरं, या दरिद्र्याला कुनीतरी बनियन घेऊन द्या रं!" भिका म्हणाला. सगळे भिकाच्या बनियनकडे बघायला लागले. पुढून ते धडधाकट होतं.

तेव्हा काकांच्या ध्यानात आलं. त्यांची कठड्यावरची पकड सैल झाली. गावातला जो तो दुसऱ्याला ओळखत होता, आणि स्वतःला कुणीच नाही. आपली पाठ कुणी कधी पाहिलीय?

पण निकाल अण्णांचा होता. ते उठले, हात पाठीशी बांधले, मान डावीकडे कलती केली आणि एका चित्रासमोर थांबले. चित्रातल्या म्हाताऱ्यानेही हात पाठीशी बांधले होते आणि मान डावीकडे कलती केली होती.

"जावई," अण्णा म्हणाले, "हा कोण?"

काकांनी पुन्हा कठडा घट्ट धरला.

"माणूस आडमुठा दिसतो. कुणाच्या बापाचं ऐकणार नाय. पन काढलाय झकास. हा मी एडवणला नेतो. भिंतीवर असला की पोरांना धाक राहील."

काकूंनी पदराचा बोळा तोंडात कोंबला, तरी खांदे हलत होतेच. बंबाचा विषय तिथे मिटला, असं काकांना वाटलं. पण दोरीच्या टोकापर्यंत जाऊन काकू परत आल्या तेव्हा चेहरा उतरलेला.

"सगळ्या गावाच्या पाठी काढल्या. साखरबाईची काढली, भिकाची काढली. माझी तेवढी नाय."

काका कठडा सोडून आले. त्यांनी विहिरीवरची बाई दाखवली. मग सुपारी वाळत घालणारी. मग फाटकाशी उभी राहून एस्टीची वाट बघणारी. मग आणखी एक, आणखी एक. अंगणातली निम्मी दोरी काकूंचीच होती.

काकू एकेका चित्रापाशी जाऊन आल्या. मग वेणी पुढे घेऊन चाचपली. "एवढी बारीक झालीय?"

"ब्रशचे केस झडलेत," काका म्हणाले.

सोमवारी बंब झावळ्यांवर तापला, आणि दुपारी काकूंनी पालघरहून नवा ब्रश मागवला.

आता राहिली पैज. हे लिहिणारी शेजारची सुलू, दहावीतली, गावात कुणाचाही आवाज हुबेहूब काढते. वर साखरबाई आणि भिका जसे बोललेत, तसे ती त्यांच्यापेक्षा बरे बोलते. ती काकांना म्हणाली, "गाव आंधळं हाय, काका. मी माझी पाठ झोपेतपण ओळखीन." ठरलं असं की ती हरली तर शिमग्यापर्यंत तोंडानं कुणाची नक्कल करायची नाही.

पुढच्या रविवारी काकांनी तीन चित्रं मांडली. तिसऱ्यात शाळेच्या निळ्या स्कर्टातली एक पोरगी होती. कंबर एकीकडे काढलेली, एक हात हवेत, मान कोंबडीसारखी पुढे, आणि दोन वेण्यांपैकी एकीची रिबीन सुटून लोंबत असलेली.

"अगो बाई, ही कोण नाटकी!" सुलू कंबरेवर हात ठेवून, दुसरा हात हवेत फिरवत म्हणाली. "भिकाकाकाची धाकटी ना? असं कोण उभं राहतं? आणि रिबीन तरी बांधायची!"

काका ब्रश धूत राहिले. ओट्यावरून काकूंचा पदराचा बोळा ऐकू आला.

सुलूचा हात हळूच मानेमागे गेला. रिबीन सुटलेली होती.

शिमग्याला अजून बराच अवकाश आहे, आणि साखरबाई रोज दारावरून जाते. तोंड बंद आहे. पण लिहायचं नाही, असं काही ठरलं नव्हतं.